महिला फिस्टबॉलचा चेंडू: पाच महिन्यांच्या वापरानंतर

खानापूर तालुक्यात मलप्रभेकाठच्या एका गावातील मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मी शारीरिक शिक्षण शिकवते. गेल्या ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत आमच्या आठवी ते दहावीच्या मुलींनी महिला फिस्टबॉलचे दोन चेंडू, एक कोरड्या मैदानाचा आणि एक ओल्या मैदानाचा, आठवड्यातून चार दिवस वापरले. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मुलींच्या शाळांत थ्रोबॉल, खो-खो, कबड्डी आणि व्हॉलीबॉल यांच्या पलीकडचे साहित्य सहसा दिसत नाही, त्यामुळे हा चेंडू घ्यावा की घेऊ नये हे विचारायला मला आसपास कोणी भेटले नव्हते. पुढे ज्यांना तसे विचारावेसे वाटेल त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

फिस्टबॉल म्हणजे मुठीने खेळायचा चेंडू. जर्मन भाषेत त्याला फाउस्टबॉल म्हणतात आणि त्या शब्दाचा अर्थही तोच आहे. ५० मीटर लांब आणि २० मीटर रुंद मैदानाच्या मधोमध जाळीऐवजी केवळ एक पट्टी किंवा दोरी ताणलेली असते आणि दोन्ही बाजूंना पाच-पाच खेळाडू असतात. चेंडू एकाच हाताने किंवा त्या हाताच्या मुठीने मारायचा असतो. पंजा उघडला की चूक, दोन्ही हात एकदम लागले की चूक, आणि पट्टीला चेंडू शिवला किंवा खेळाडू शिवली तरीही चूकच. आपल्या बाजूला जास्तीत जास्त तीन स्पर्श मिळतात, ते तीन वेगवेगळ्या खेळाडूंनी करायचे असतात, आणि प्रत्येक स्पर्शाआधी चेंडूने जमिनीवर एक टप्पा घेतला तरी चालतो. या टप्प्यामुळेच हा खेळ व्हॉलीबॉलपासून अगदी वेगळा होतो आणि टप्प्यामुळेच चेंडूच्या प्रतीला इथे फार महत्त्व येते, कारण टप्पा खोटा पडला तर पुढच्या खेळाडूला करण्यासारखे काही उरत नाही. सेट ११ गुणांचा असतो, तो जिंकायला दोन गुणांची आघाडी लागते आणि कितीही लांबला तरी तो १५ व्या गुणावर संपतो. यातला एक नियम मला मनापासून आवडतो: ज्या संघाच्या चुकीमुळे गुण गेला, पुढची सर्व्हिस त्याच संघाला मिळते. थ्रोबॉल किंवा व्हॉलीबॉलमध्ये एखादी तगडी मुलगी सर्व्हिसला उभी राहिली की समोरचा नवखा संघ सलग सात-आठ गुण गमावून खचून जातो, तसे या खेळात घडत नाही.

आमच्याकडे पहिला चेंडू आला तो चुकीचा होता. एका ऑनलाइन विक्रेत्याकडे महिलांचा चेंडू असे स्पष्ट लिहून मी मागणी नोंदवली होती, तरीही आलेल्या खोक्यावर फक्त ‘प्रौढांसाठी’ असे छापलेले होते. पहिल्याच दिवशी मुलींचे मनगट दुखू लागले. मला शंका आली म्हणून संध्याकाळी तो चेंडू घेऊन मी गावातल्या किराणा दुकानात गेले. दुकानदारांनी इलेक्ट्रॉनिक काट्यावर आधी फडक्याची चुंबळ ठेवली, तिचे वजन शून्य करून घेतले आणि मग चेंडू तिच्यावर अलगद बसवला. काट्याने ३७१ ग्रॅम दाखवले. नियमाप्रमाणे पुरुषांचा चेंडू ३५० ते ३८० ग्रॅमचा असतो आणि महिलांचा ३२० ते ३५० ग्रॅमचा, म्हणजे आमच्या मुली पुरुषांच्या चेंडूने खेळत होत्या. विक्रेत्याने तो परत घेण्यास नकार दिला. पुढे जर्मनीत नोकरीला असलेला माझा भाचा जुलैअखेरीस सुट्टीवर घरी आला तेव्हा त्याने महिलांचे दोन चेंडू सोबत आणले. तेही मी त्याच काट्यावर, त्याच चुंबळीवर ठेवून पाहिले: कोरड्या मैदानाचा ३३६ ग्रॅम आणि ओल्या मैदानाचा ३४१ ग्रॅम भरला.

आधी आलेला पुरुषांचा चेंडू आणि महिलांचा कोरड्या मैदानाचा चेंडू यांमधला हा ३५ ग्रॅमचा फरक म्हणजे मूठभर शेंगदाण्यांचे वजन. एवढ्याने काय बिघडते, असे आमच्याच शाळेतील एका सहकाऱ्यांनी मला विचारले होते. एका सरावात एकेका मुलीच्या हातावर तो चेंडू शंभराहून अधिक वेळा आदळतो, आणि मागच्या फळीतील मुलीला तर समोरून वेगाने आलेला चेंडू कोपराखालच्या उघड्या भागावर झेलून हळूच वर उचलायचा असतो. पुरुषांच्या चेंडूने खेळताना तिसऱ्या दिवशी चार मुली हात चोळत बाजूला बसल्या होत्या. महिलांचा चेंडू आल्यावर पहिला आठवडा हात लाल झाले, पण खेळ सोडून कोणी बसले नाही.

चेंडूच्या वजनाचा हा प्रश्न मला इतका जिव्हाळ्याचा का वाटतो, हे सांगायला हवे. मी स्वतः शाळेत असताना व्हॉलीबॉल खेळत असे आणि आम्हा मुलींना मिळणारा चेंडू हा मुलांच्या संघाने वर्षभर वापरून झालेला, शिवण उसवलेला, एका बाजूला फुगलेला असा असे. नवा चेंडू मुलींच्या हाती पहिल्यांदा पडला असे माझ्या आठवणीत एकदाही घडले नाही. म्हणून फिस्टबॉलच्या साहित्यात महिलांचा चेंडू ही वेगळी, नियमाने बांधलेली वस्तू आहे हे वाचले तेव्हा मी या खेळातील स्त्रियांचा इतिहास शोधू लागले.

तो इतिहास वाट पाहण्याचा आहे. जर्मनीत हा खेळ १८९३ च्या सुमारास म्युनिकमध्ये गेऑर्ग हाइनरिश वेबर यांनी रुजवला, आणि तिथल्या व्यायामसंस्थांतून तो पसरला. आंतरराष्ट्रीय फिस्टबॉल संघटना १९६० मध्ये स्थापन झाली. पुरुषांची पहिली विश्वविजेतेपद स्पर्धा १९६८ मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ येथे झाली आणि ती पश्चिम जर्मनीने जिंकली. महिलांची पहिली विश्वविजेतेपद स्पर्धा भरायला मात्र १९९४ साल उजाडावे लागले. मधली २६ वर्षे म्हणजे एका खेळाडूचे खेळण्याचे संपूर्ण वय होय. १९६८ मध्ये जी मुलगी आमच्या नववीतल्या मुलींच्या वयाची होती, ती पहिली महिला स्पर्धा भरली तेव्हा चाळिशीत पोहोचली होती. आपल्याकडे खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झाली तेव्हा पुरुषांचे आणि महिलांचे सामने एकाच आठवड्यात, एकाच मैदानावर झाले आणि दोन्ही चषक भारताने जिंकले. आमच्या मुलींना ते स्वाभाविक वाटते, आणि तसेच वाटायला हवे, परंतु फिस्टबॉलमधली ही २६ वर्षे मी त्यांना फळ्यावर आकडे मांडून दाखवली तेव्हा वर्गात बराच वेळ कोणी बोलले नाही.

महिलांच्या विजेतेपदांवर जर्मनीचा ठसा सर्वात मोठा आहे. २०१४ मध्ये ड्रेस्डेन, २०१६ मध्ये ब्राझीलमधील कुरितिबा, २०१८ मध्ये लिंझ आणि २०२१ मध्ये ऑस्ट्रियातीलच ग्रीसकिर्शेन, या चारही स्पर्धा जर्मन महिलांनी जिंकल्या. त्याआधी २०१० मध्ये स्पर्धा चिलीत झाली होती आणि तिथे ब्राझीलने बाजी मारली. हे ऐकून मुलींना आश्चर्य वाटले, कारण ब्राझील म्हटले की त्यांना फुटबॉल आठवतो. जर्मनीतून दक्षिण अमेरिकेत जाऊन स्थायिक झालेल्या लोकांनी आपल्या गाठोड्यासोबत हा खेळही नेला, आणि ब्राझील, चिली व अर्जेंटिना येथे तो त्यांच्या वसाहतींतून वाढला. आपल्या सीमाभागातील माणूस कामासाठी पुण्या-मुंबईला गेला तरी गावच्या तालमीचा नाद सोबत घेऊन जातो, तसेच ते आहे.

लिंझचा उल्लेख दोनदा आला, त्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. ज्या शहरात १९६८ मध्ये केवळ पुरुषांची स्पर्धा झाली, त्याच शहरात बरोबर ५० वर्षांनी महिलांची विश्वविजेतेपद स्पर्धा भरली. जागतिक क्रीडा स्पर्धांच्या मेळाव्यात, म्हणजे ज्याला वर्ल्ड गेम्स म्हणतात त्यात, पुरुषांचा फिस्टबॉल १९८५ पासून आहे. महिलांना तिथे २०२२ मध्ये, अमेरिकेतील बर्मिंगहॅम येथे, प्रथम स्थान मिळाले आणि पहिले सुवर्णपदक जर्मनीच्या महिलांनी मिळवले. तिथेही ३७ वर्षांचे अंतर आहे.

आता चेंडूंकडे वळते. कोरड्या मैदानाचा चेंडू पांढरा, चामडी आवरणाचा आणि घेराने व्हॉलीबॉलच्या जवळपास आहे. ६५ ते ६८ सेंटिमीटर हा नियमाचा घेर असून आमचा चेंडू शिवणटेपेने मोजल्यावर ६६ भरला. हातात घेतल्यावर मात्र तो व्हॉलीबॉलसारखा अजिबात लागत नाही. व्हॉलीबॉल २६० ते २८० ग्रॅमचा आणि मऊ असतो, तर हा घट्ट, भरीव आणि ताणलेल्या हलगीसारखा लागतो. छातीच्या उंचीवरून सोडला की तो सरळ वर येतो आणि मांडीपर्यंत उसळतो. आमच्या वापरातला जुना थ्रोबॉलचा चेंडू त्याच जागी सोडला तर गुडघ्याच्या वर येत नाही आणि दर वेळी दिशा बदलतो. पाच महिन्यांनंतरही या चेंडूचा गोलपणा बिघडलेला नाही. हे तपासायला मी तो पाण्याच्या हौदात गोल फिरवून पाहते. ज्या चेंडूचा भार एका बाजूला गेला आहे तो दर वेळी तीच बाजू खाली घेऊन थांबतो, आणि हा अजून तसा थांबत नाही. नंतर तो लगेच फडक्याने पुसून सावलीत ठेवावा लागतो, हे मात्र विसरू नये.

हवेचा दाब हा या चेंडूचा नाजूक विषय आहे. ०.५५ ते ०.७५ बार एवढा दाब राखायचा असतो, आणि तेवढा बारीक आकडा दाखवणारे मापक आमच्याकडे नव्हते. पंक्चरच्या दुकानातल्या मापकाचा काटा एवढ्याशा दाबाला जागचा जेमतेम हलतो. शेवटी बेळगावच्या खडेबाजारातील क्रीडासाहित्याच्या एका जुन्या दुकानात चेंडूसाठीचे छोटे मापक मिळाले. त्या दुकानदारांनी फिस्टबॉल त्याआधी कधी पाहिला नव्हता. त्यांनी चेंडू दोन्ही हातांत तोलला, काउंटरवर एकदा आपटला, शेजारच्या गिऱ्हाइकाला कन्नडमध्ये काहीतरी सांगितले आणि मग मला म्हणाले, “बाई, ह्याला सुई घालताना आधी ओली करा, कोरडी घातलासा तर वॉल्व्ह फाटेल.” तो सल्ला अत्यंत मोलाचा ठरला. आमच्या शाळेतले निम्मे चेंडू कोरड्या सुईनेच निकामी झाले आहेत, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले. दर चार-पाच दिवसांनी थोडी हवा भरावी लागते, आणि ती एक तक्रार मी नोंदवून ठेवते, कारण एवढ्या किमतीच्या चेंडूने आठवडाभर तरी दाब धरावा अशी माझी अपेक्षा होती.

ओल्या मैदानाच्या चेंडूचे आवरण रबरी आहे आणि आमच्या भागासाठी तोच अधिक उपयोगाचा ठरला. खानापूरकडचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. श्रावणात दिवसातून सहा वेळा सर येते आणि तितक्याच वेळा ऊन पडते, मैदानावर गवत वाढते आणि त्याखाली तांबडी माती लोण्यासारखी होते. चामड्याचा चेंडू अशा वेळी पाणी पितो, जड होतो आणि वाळल्यावर कडक पडतो, हे आम्ही व्हॉलीबॉलच्या बाबतीत वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. रबरी आवरणाच्या या चेंडूने पाणी धरले नाही. दीड तास ओल्या गवतावर खेळून झाल्यावर मी तो पुसून काट्यावर ठेवला तेव्हा ३४२ ग्रॅम भरले, म्हणजे केवळ एका ग्रॅमची वाढ. टप्पा मात्र ओल्या गवतावर बुटका आणि घसरता येतो, आणि तिथे मुलींना खाली वाकून, कधी पोटावर झेप घेऊन चेंडू उचलायला शिकावे लागले. दसऱ्याच्या सुट्टीनंतर जमीन वाळली, मुरूम उघडा पडला आणि रबरी आवरणावर बारीक ओरखडे उठू लागले, तेव्हा आम्ही तो बाजूला ठेवून चामडी चेंडू काढला.

चामडी चेंडूचे शत्रू म्हणजे आमच्या मैदानावरचे जांभ्याचे खडे. युरोपात हा खेळ बहुतेक हिरवळीवर खेळतात आणि चेंडूही त्या हिशेबाने केलेला दिसतो. नोव्हेंबरात एका शिवणीजवळ आवरणाची कड सुटून आली. गावातल्या चांभारकाकांनी ती चिकटवून वर पातळ पट्टी बसवून देण्याची तयारी दाखवली, पण पट्टीने वजन आणि टप्पा दोन्ही बदलतील म्हणून मी फक्त कड चिकटवून घेतली. ती अजून टिकून आहे. त्यानंतर आम्ही रोज सरावाआधी दहा मिनिटे मैदान झाडून खडे वेचतो, आणि हे काम मुलींनी आपणहून वाटून घेतले आहे. पांढरा रंग मात्र दोन दिवसांत विटकरी झाला, तो कितीही पुसला तरी पूर्ववत होत नाही.

चेंडूसोबत पट्टीचाही विचार करावा लागतो. महिलांसाठी ती १.९० मीटर उंचीवर असते आणि पुरुषांसाठी २ मीटरवर. परदेशातून पट्टी मागवण्याची काही गरज नाही. बेळगावच्या गणपत गल्लीतून आणलेली खाटेची पांढरी नवार आम्ही थ्रोबॉलच्याच खांबांना बांधली, खांबांवर १.९० मीटरला लाल रंगाची खूण केली आणि नवार मधोमध झोळ खाऊ नये म्हणून तिच्या टोकांना दोरी ओवून ती ताणून धरली. आमचे मैदान ३८ मीटरच भरते, म्हणून फक्कीने रेषा आखताना दोन्ही बाजू आखूड केल्या, पण मध्यरेषेपासून ३ मीटरवरची रेषा, जिच्या मागून सर्व्हिस करायची असते, ती नियमाप्रमाणेच ठेवली. अंतर कमी असल्याने चेंडू मागच्या मुलींवर लवकर येतो आणि सुरुवातीला त्याचा त्रास होतो.

शिकवताना सर्वात मोठी अडचण सवयीची आली. व्हॉलीबॉल खेळलेल्या मुली चेंडू खाली आला की दोन्ही हात जोडून पुढे करतात, आणि थ्रोबॉल खेळलेल्या मुली पंजे उघडून तो पकडायला जातात. “बाई, हात उघडायचाच नाही काय ओ?” असे नववीतल्या एकीने पहिल्या दिवशी अगदी काकुळतीने विचारले होते. मग मी त्यांना शाळेच्या स्मार्ट वर्गात महिलांच्या विश्वविजेतेपद स्पर्धेच्या सामन्यांची चित्रफीत दाखवली. पुढची खेळाडू धावत येऊन उंच उडी घेते आणि सरळ हाताने, मुठीने चेंडू पलीकडे हाणते, मागच्या खेळाडू हिरवळीवर अंग टाकून एका हाताने तो उचलतात, आणि या सगळ्यात चेंडूचा टप्पा किती खात्रीचा असतो हे त्यांना दिसले. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी डावा हात पाठीमागे ओढणीने बांधून घेऊन मैदानात उतरली. दोन हात जोडण्याची सवय तिने आठ दिवसांत मोडली, आणि डिसेंबरपर्यंत ती आमची सर्वात भरवशाची मागची खेळाडू झाली.

किमतीबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. अशा एका चेंडूच्या पैशात आपल्याकडे चार-पाच बऱ्यापैकी व्हॉलीबॉल येतात, आणि ग्रामीण शाळेच्या क्रीडानिधीत तो बसत नाही. आमच्यासाठी भाच्याने पदरमोड केली. ज्या शाळेला एकच चेंडू परवडत असेल आणि ती खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसाळी पट्ट्यात असेल, तिने रबरी आवरणाचा घ्यावा. उन्हाळ्यात तो ओरखडला तरी पावसाळ्यात चामडी चेंडूचे जे नुकसान होते त्या मानाने हे कमी आहे. निपाणी, चिकोडी, हुक्केरीकडे पाऊस कमी आणि काळी जमीन टणक असते, तिथे चामडी चेंडू चालेल, मात्र उन्हाळ्यात काळ्या जमिनीला भेगा पडल्या की टप्पा कुठेही जाईल, याची तयारी ठेवावी. पुरुषांचा चेंडू स्वस्त मिळाला तरी मुलींसाठी तो घेऊ नये. आणि मागणी नोंदवताना केवळ ‘महिलांचा’ असे न लिहिता ३२० ते ३५० ग्रॅम हा आकडा लिहून द्यावा, आणि पोचलेला चेंडू, पावती टाकून देण्याआधी, काट्यावर ठेवावा.

पहिल्यांदा आलेला तो ३७१ ग्रॅमचा चेंडू आम्ही मुलांच्या संघाला दिला. तो त्यांच्या हाताला योग्य आहे आणि त्यांनीही नवारीपलीकडे खेळायला सुरुवात केली आहे. खांबांवर आता १.९० मीटरच्या लाल खुणेच्या वरच्या बाजूला २ मीटरची निळी खूण आली आहे, आणि मैदान एकच असल्याने सोमवार, मंगळवार, गुरुवार व शुक्रवारी नवार लाल खुणेवर असते.